रांग नसलेला डोंगर

सव्वीस वर्षं मी फळ्यावर एकच त्रिकोण काढत आले. पायाशी हिरवा खडू, त्यावर पिवळा, मग तपकिरी आणि टोकाला पांढरा. शेजारी लिहायचं, 'किलिमांजारो, टांझानिया, 5895 मीटर', आणि मुलांना सांगायचं की विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला असूनही या डोंगरावर बर्फ आहे, कारण दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. दर वर्षी एखादं पोर विचारायचंच, "बाई, तुम्ही पाहिलाय?" आणि दर वर्षी मी नाही म्हणायचे. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी, साठी ओलांडताना, भाचीला बरोबर घेऊन तो त्रिकोण पायांनी चढायला गेले.

तयारीबद्दल फार लिहीत नाही. वर्षभर दर शनिवारी पाठीवर सहा लिटर पाणी घेऊन सिंहगड, पावसाळ्याआधी दोनदा कळसूबाई, हृदयाची तपासणी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उंचीसाठीच्या डायमॉक्सच्या गोळ्या. यातली एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. इतकी तयारी करूनही पायांतली ताकद आणि विरळ हवेत टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सह्याद्रीत पहिलीचा कस लागतो, दुसरीचा कधीच लागत नाही.

गौरी-गणपतीचं विसर्जन करून आम्ही निघालो. दिवस मुद्दाम तसे धरले होते, म्हणजे शिखराची रात्र पौर्णिमेला येणार होती. आमच्याकडे गौरी तेरड्याच्या असतात. हे आत्ता सांगून ठेवते, कारण तेरडा पुढे येणार आहे.

डोंगराच्या पायथ्याचं गाव मोशी. पिंपरी-चिंचवडजवळच्या मोशीचं नाव ज्यांनी आयुष्यभर ऐकलंय त्यांना हे वाचून गंमत वाटेल. स्वाहिलीत मोशी म्हणजे धूर. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती आणि उत्तरेला नुसता राखाडी ढग. गच्चीत बसून मी दोन तास त्या ढगाच्या खालच्या कडेकडे बघत होते, उताराची एखादी रेघ दिसते का म्हणून. साडेपाचच्या सुमारास भाची म्हणाली, "आत्या, वर बघ." मी ज्या ढगाखाली शोधत होते त्याच्या कितीतरी वर, जिथे फक्त आकाश असायला हवं तिथे, किबोचा, म्हणजे किलिमांजारोच्या सर्वांत उंच भागाचा, पांढरट घुमट होता. खालचं काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे तो कशावरही टेकलेला वाटत नव्हता. 1848 साली योहानेस रेबमान या मिशनऱ्याने इथे बर्फ पाहिल्याचं कळवलं, तेव्हा लंडनमधल्या भूगोलाच्या जाणकारांनी ते मानायला नकार दिला होता. वर्गात ही गोष्ट सांगताना मी त्या जाणकारांना नावं ठेवायचे. त्या संध्याकाळी मला त्यांचं म्हणणंही थोडं समजलं. इतक्या उकाड्यात, केळीच्या बागेवर तरंगणारं बर्फ दुसऱ्याच्या तोंडून ऐकून कोण मानेल?

मला सर्वांत जास्त जाणवलं ते त्याचं एकटेपण. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला डोंगर म्हणजे रांग. एका किल्ल्यावर उभं राहिलं की दुसरा दिसतो, मधे खिंड असते, सोंड असते, धार असते. हिमालय तर रांगांच्याही मागे रांगा. इथे सपाट, पिवळ्या, काटेरी झुडपांच्या मैदानातून एक डोंगर जवळजवळ पाच हजार मीटर वर उठलाय आणि त्याला शेजारी नाही. पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर मेरू नावाचा ज्वालामुखी आहे, 4566 मीटरचा, तोही असाच एकटा. दोन जमिनी एकमेकींवर आदळून वर उचलले गेलेले हे डोंगर नाहीत. पूर्व आफ्रिकेत जमीन ताणली जाऊन फाटतेय आणि त्या फटींच्या आसपास आतला रस वर येऊन साचत राहिला, त्यातून हे उभे राहिले. आपला दख्खनही लाव्ह्याचाच. पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि लांबलचक भेगांतून पसरलेला, थरावर थर, म्हणून आपल्याकडे पठारं आणि कडे आहेत. किलिमांजारोचा लाव्हा तोंडातोंडाशी साचला. सर्वांत जुनं तोंड शिरा, सुमारे 25 लाख वर्षांपूर्वीचं. मग मावेन्झी. आणि किबो तर कालचं पोर, पाचेक लाख वर्षांचं. शिरा आणि मावेन्झी विझलेत, किबो झोपलाय.

माचामे गेटवर सकाळी सामान तोलतात. एका हमालाने 20 किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही असा उद्यानाचा नियम आहे आणि काटा गेटवरच लावलेला असतो. गाईडशिवाय चढायला परवानगी नाही. आम्ही दोघी, आणि आमच्यासाठी दहा माणसं: दोन गाईड, एक स्वयंपाकी, सात हमाल. हा आकडा ऐकून मला अवघडल्यासारखं झालं आणि ते शेवटपर्यंत गेलं नाही. तंबू, गॅस, अंडी, आमच्या झोपायच्या पिशव्या, सगळं त्यांच्या मानेवर आणि डोक्यावर. आमच्या पाठीवर पाणी आणि रेनकोट. फाटकाची उंची सुमारे 1800 मीटर, म्हणजे कळसूबाईचा माथा जिथे संपतो त्याच्याही वरून इथली पहिली पायरी सुरू होते.

भाषेने मात्र लगेच जवळ केलं. चहा म्हणजे चाय, पोळी म्हणजे चपाती, रंग म्हणजे रंगी, विमा म्हणजे बीमा. हिंदी महासागरातून गलबतं शेकडो वर्षं ये-जा करत होती त्याचा हा पुरावा. आणि पहिल्याच दिवशी एक तरुण हमाल मला वाट देत म्हणाला, "करिबू, दादा." मी चमकले. स्वाहिलीत करिबू म्हणजे या, दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. मग सात दिवस मी सगळ्यांची दादा झाले आणि आमचे पन्नाशीचे मुख्य गाईड आमचे काका. भाची त्यांना आधीपासूनच काका म्हणत होती, तिला काही बदलावं लागलं नाही.

गेटपर्यंत गाडी येते त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चाग्गा लोकांच्या बागा आहेत. वर मोठी झाडं, त्यांच्या सावलीत केळी, केळीच्या सावलीत कॉफी, आणि जमिनीवर कंद, भाज्या. ज्याने गोव्यातलं किंवा सिंधुदुर्गातलं कुळागर पाहिलंय, माडाखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, त्याला ही बाग परकी वाटणार नाही. आणि बागेबागेतून पाट. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी उतारावरून वळवत खाली आणणारे हे मातीचे पाट चाग्गांनी पिढ्यान् पिढ्या राखलेत. गाडीच्या खिडकीतून मी फक्त पाहिले. त्यांचा अर्थ मला पाच दिवसांनी कळला.

पहिला दिवस पूर्ण जंगलाचा. ओल, धुकं, चिखल. वाऱ्याची दमट हवा दक्षिण उताराला अडते आणि वर सरकताना थंड होऊन इथे पाडून जाते. आपल्याकडे घाट जे करतो तेच, पण घाट एका बाजूला भिंत आहे आणि हे जंगल डोंगराला करगोट्यासारखं वेढून आहे. या पट्ट्यात दक्षिणेला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खाली मैदानात त्याच्या निम्माही नाही, आणि शिखरावर तर अगदी थोडा. सकाळी दहा-अकरापर्यंत आकाश स्वच्छ असतं, मग डोंगराची तापलेली अंगं हवा वर खेचतात आणि जंगलाच्या उंचीवर ढग जमतो. आजूबाजूला अडवायला दुसरं काही नसल्याने हा डोंगर आपला पाऊस आपणच तयार करतो.

काळ्या-पांढऱ्या कोलोबस माकडांचा कळप डोक्यावरून गेला, लांब पांढऱ्या शेपट्या झुलवत. झाडांवरून फिकट हिरव्या जटा लोंबत होत्या. ते शेवाळ नव्हे, दगडफूल. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच दगडफुलाचे हे भाऊबंद, हातभर लांबीचे. आणि मग वाटेच्या कडेला, ओल्या खडकाच्या खबदाडीत, ते दिसलं. बोटाच्या पेराएवढं लाल फूल, मागे वळलेली पिवळसर सोंड. मी तिथेच उकिडवी बसले. तेरडा! इंपेशन्स किलिमांजारी. जगात फक्त याच डोंगरावर सापडणारा तेरडा. काहीच दिवसांपूर्वी माझ्या हातांनी तेरड्याच्या गौरी पाण्यात सोडल्या होत्या. काकांनी विचारलं, दम लागला का? मी मान हलवली आणि फुलाकडे बोट दाखवलं. आमच्याकडे ही देवी आहे, हे भाचीने त्यांना इंग्रजीत समजावलं. त्यानंतर वाटेत कुठेही तेरडा दिसला की हमाल मला हाक मारायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात जंगल संपलं. हळूहळू विरळ होत नव्हे, जवळजवळ रेघ मारल्यासारखं. फळ्यावर मी हिरवा आणि पिवळा खडू बोटाने एकमेकांत मिसळायचे, तसं इथे नाही. पुढे माणसाच्या दुप्पट उंचीची एरिकाची झुडपं, मग कमरेएवढी, मग गुडघ्याएवढी. आणि मागे वळून पाहिलं तर खालचं जग नव्हतंच. ढगांची पांढरी चादर क्षितिजापर्यंत आणि तिच्यातून वर आलेलं फक्त मेरूचं टोक. बेट या शब्दाचा अर्थ मी समुद्रावर शिकवला होता. इथे तो ढगांवर शिकले.

शिराचं पठार लांबून आपल्या सड्यासारखं दिसतं, पण ते कोसळलेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे. आतला रस निघून गेला, माथा आत बसला, आणि नंतर किबोच्या लाव्ह्याने ती खळगी बरीचशी भरून टाकली. मुक्काम पावणेचार हजार मीटरवर. रात्री तंबूवर बर्फाचा चुरा धरला. स्वयंपाक्याने आल्याचा चहा दिला, आल्याला तिकडे तंगाविझी म्हणतात, आणि काकांनी जेवणानंतर बोटाला ऑक्सिमीटर लावला. हे रोज दोनदा व्हायचं. माझा आकडा 88, भाचीचा 91. ते वहीत लिहून ठेवायचे आणि चेहऱ्यावर काही दाखवायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशीची युक्ती मला शिक्षिका म्हणून फार आवडली. 4600 मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढायचं, तिथे जेवायचं, आणि झोपायला पुन्हा सहाशे-सातशे मीटर खाली बारांकोला उतरायचं. शरीराला वरची हवा चाखवायची आणि रात्रीची विश्रांती खालच्या हवेत द्यायची. "पोले पोले," काका दर दहा मिनिटांनी म्हणायचे. हळू हळू. सिंहगडावर मी जितक्या वेगाने चढते त्याच्या तिप्पट हळू चालूनही छाती भरून यायची. टॉवरपाशी पहिल्यांदा डोकं दुखायला लागलं, कपाळाच्या मागे, ठोक्याठोक्याने. तो टॉवर म्हणजे ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. भोवतालचं मऊ सगळं झिजून गेलं आणि बूच उरलं.

डोकं दुखत असतानाही तिथल्या दगडांनी मला धरून ठेवलं. आपला बेसाल्ट बारीक दाण्याचा, काळा, फार तर त्यात पांढरी भोकं. इथल्या राखाडी दगडात चक्क शंकरपाळे होते! नखाएवढे, काही त्याहून मोठे, तिरक्या चौकोनी आकाराचे फिकट स्फटिक, जणू पिठात कुणी शंकरपाळे टाकून मग पीठ घट्ट झालंय. फेल्डस्पार नावाचं खनिज आहे ते. लाव्हा खाली कोठीत बराच काळ थांबला, तेव्हा हे स्फटिक सावकाश वाढले. मग तो एकदम बाहेर आला आणि बाकीचा भाग चटकन थिजला. मोठे दाणे सावकाशीचे, बारीक दाणे घाईचे. एक दगड उचलून खिशात टाकायचा मोह झाला. उद्यानातून दगड न्यायला मनाई आहे. तळहातावर धरला, उन्हात फिरवला, जागच्या जागी ठेवला.

बारांकोची दरी. याच ठिकाणाबद्दल लिहायचं म्हणून हे सगळं लिहायला बसले म्हटलं तरी चालेल. सुमारे लाखभर वर्षांपूर्वी किबोची ही बाजू प्रचंड दरड होऊन खाली गेली, त्यातून दरी झाली. उतरताना धुकं होतं आणि धुक्यात माणसं उभी होती. शंभर-दोनशे, गप्प, उंच, अंगावर घोंगड्या. जवळ गेल्यावर कळलं की ही झाडं. राक्षसी सेनेशियो. सूर्यफुलाच्या कुळातलं, पण चार-पाच मीटर उंच, जाड खोडाचं, टोकाला कोबीएवढा हिरवा पानांचा गड्डा. खोडावरची घोंगडी म्हणजे त्याची स्वतःची वाळलेली पानं. ती पडत नाहीत. कारण इथे थंडी वर्षातून एकदा येत नाही, रोज रात्री येते. दिवसा ऊन चटके देतं, रात्री पाणी गोठतं. विषुववृत्ताजवळ ऋतू वर्षात नसतात, चोवीस तासांत असतात. झाडाला रोज गोठणं परवडत नाही, म्हणून ते आपली मेलेली पानं पांघरून उभं राहतं.

त्यांच्या पायाशी लोबेलिया. आपल्या सह्याद्रीत महाबळेश्वरकडे पुरुषभर उंच लोबेलिया वाढते, तिला काही भागांत देवनळ म्हणतात, काही भागांत रानतंबाखू. ही तिची डोंगरी बहीण. संध्याकाळ झाली की बाहेरची पानं मिटून आतल्या कोंबावर झाकण घालते. पानांच्या वाटीत पाणी साठलेलं असतं. रात्री त्याचा फक्त वरचा पापुद्रा गोठतो आणि आतला कोंब बर्फापासून वाचतो. पहाटे विजेरी घेऊन मी एका वाटीत बोट घातलं. वर काचेसारखी चकती, ती मोडली, खाली पाणी.

ही झाडं इथून उठून कुठे जाऊ शकत नाहीत. केनिया पर्वतावर सेनेशियो आहे, पण वेगळी. एल्गॉनवर वेगळी, र्‌वेन्झोरीवर वेगळी. मधल्या तापलेल्या मैदानात यांचं बी जगत नाही, म्हणून प्रत्येक एकट्या डोंगराने आपापली जात वाढवली. रांग असती तर ती एका शिखरावरून दुसऱ्यावर गेली असती. आणि हवा तापत गेली तर त्यांना फक्त वर सरकता येईल, तेही माथा येईपर्यंतच. मी बराच वेळ त्यांच्यात बसून होते. भाची चहाला बोलवायला आली तेव्हा अंधार पडला होता.

चौथ्या दिवशीची बारांकोची भिंत बाकीच्या मंडळींना धडकी भरवत होती. अडीचशे मीटर उंचीचा कातळ, हातापायांनी चढायचा. आम्हा दोघींना तिथे माहेरी आल्यासारखं वाटलं. सह्याद्रीतल्या कुठल्याही बऱ्या कातळटप्प्याइतकाच, आणि दगड कोरडा. पुढे कारांगा दरी, तिच्या तळाशी झरा, आणि तिथे हमाल डबे भरत होते.

कारांगानंतर वर कुठेही पाणी नाही. पुढचा मुक्काम बराफू. बराफू म्हणजे बर्फच, आपलाच शब्द, फारसीतून तिकडेही गेलेला. बर्फ नावाच्या त्या छावणीत प्यायला, रांधायला, हात धुवायला लागणारं सगळं पाणी माणसं डोक्यावरून वाहून नेतात. शिखरावर बर्फ, आणि त्याच्या पायाशी पाण्याचा थेंब नाही. मी काकांना विचारलं, मग हे सगळे ओढे कशावर वाहतात? त्यांनी हाताने खाली दाखवलं, जंगलाकडे. किलिमांजारोचं बहुतेक पाणी बर्फातून येत नाही, जंगलातून येतं. पाऊस आणि धुकं जंगल अडवतं, जमिनीत मुरवतं, आणि तेच खाली चाग्गांच्या पाटात, पांगानी नदीत, आणि जमिनीखालून थेट केनियातल्या अंबोसेलीच्या दलदलीत निघतं. सव्वीस वर्षं मी मुलांना पांढऱ्या खडूच्या टोकातून खाली निळ्या रेघा काढून दाखवल्या होत्या. त्या हिरव्या पट्ट्यातून काढायला हव्या होत्या. बराफूला तंबूत पडल्या पडल्या हे फार लागलं मनाला.

बराफू, सुमारे 4670 मीटर. नुसता खडक आणि वारा. संध्याकाळी माझा आकडा 79. काकांनी या वेळी दोनदा मोजला. रात्री "सा सिता"ला निघायचं, ते म्हणाले. सहाचा तास, म्हणजे मध्यरात्र. इथे दिवस-रात्र वर्षभर सारखे, म्हणून घड्याळ सूर्य उगवल्यापासून आणि मावळल्यापासून मोजतात.

निघालो तेव्हा पौर्णिमेचा चंद्र जवळजवळ डोक्यावर होता आणि आमच्या सावल्या पायांखाली गोळा झाल्या होत्या. विजेरी मी लावलीच नाही. पुढे-मागे माणसांची ओळ, बुटांचा घासण्याचा आवाज, कुणीतरी हमाल गुणगुणत होता. मुरमाड घसारा, नागमोडी वाट. पाऊल टाकायचं, श्वास घ्यायचा, पुढचं पाऊल. सुरुवातीला एका पावलाला एक श्वास, तीन वाजल्यानंतर दोन. पाठपिशवीच्या प्यायच्या नळीतलं पाणी गोठलं. बाटली उलटी ठेवलेली, म्हणून तोंडाशी पाणी शिल्लक होतं. चार वाजता मला बोटं जाणवेनात, तेव्हा काकांनी माझे हात आपल्या काखेत धरले आणि मिनिटं मोजल्यासारखे शांत उभे राहिले. साडेचारनंतर मला एकाच गोष्टीची भीती वाटायला लागली. शिखराची नव्हे. मी मधेच थांबून दगडावर बसले की डोळे मिटायचे आणि ते गोड वाटायचं. दर वेळी भाचीचा आवाज यायचा, "आत्या, पाढे म्हण." मी एकोणीसचा पाढा म्हणत चालले. एकोणीस सक चौदोत्तराशे. पुढचं सुचेना.

सव्वासहाला स्टेला पॉइंट, 5756 मीटर. किबोच्या तोंडाची कड. सूर्य मावेन्झीच्या बाजूने वर आला. मावेन्झी खाली होती! पाच हजारांवरचं शिखर, आणि आपण त्याच्याकडे वरून पाहतोय. दातेरी, चिरफाळलेली. तिच्या अंगातून उभ्या भिंती निघाल्यात, धोडप किल्ल्याला जशी डाइकची, म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्ह्याची, भिंत आहे तशा, पण शेकड्यांनी. वाटेत काकांनी चाग्गांची गोष्ट सांगितली होती. मावेन्झीच्या चुलीतला विस्तव विझला की ती शेजारच्या किबोकडे मागायला जायची. आपल्याकडेही ही रीत होतीच. पण ती पुन्हा पुन्हा जायला लागली, किबो चिडला आणि त्याने तिला बडवून काढलं, म्हणून ती अशी फाटकी. भूशास्त्रही तेच सांगतं, विस्तव तिचाच आधी विझला.

दुसऱ्या बाजूला तोंडाचा आतला भाग, अडीचेक किलोमीटर रुंद, राखेच्या रंगाचा, आणि त्यावर बर्फाचे तुकडे. मी मनात पांढरी टोपी धरून गेले होते. प्रत्यक्षात उभ्या भिंती, जशा कुणी केक कापून मधली फोड ठेवून गेलंय. कडा सरळ, खालून पोखरलेल्या. 1912 साली इथे सुमारे 12 चौरस किलोमीटर बर्फ होतं, 2011 पर्यंत दोनही उरलं नव्हतं. हवा तापतेय, त्याबरोबर ती कोरडीही झालीय, नवा हिमवर्षाव जुन्याला पुरत नाही, आणि उन्हात बरंचसं बर्फ पाणी न होताच वाफ होऊन जातं. माझ्यासमोर ते चकाकत होतं आणि त्यातून थेंबही गळत नव्हता.

काकांनी ऑक्सिमीटर लावला. 62. मला नाव विचारलं, ते सांगितलं. आज वार कुठला, ते सांगता आलं नाही. उहुरू शिखर तिथून तासाभराच्या चालीवर आणि फक्त 139 मीटर वर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दादा, इथून आपण दोघं खाली." मी वाद घातला नाही. भाची दुसऱ्या गाईडबरोबर पुढे गेली. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. 1961 च्या डिसेंबरात देश स्वतंत्र झाला त्या रात्री तिथे मशाल पेटवली होती. तिने परत येऊन मला शिखरावरच्या पाटीचा फोटो दाखवला आणि मिठी मारून रडली. मीही रडले, पण ते माझ्या न झालेल्या तासासाठी नव्हतं. उतरायला वळले तेव्हा पश्चिमेला ढगांवर किबोची सावली पडली होती. निळी, धारदार, मेरूच्या दिशेने पसरलेली. त्रिकोण. फळ्यावरचाच.

उतरणीने घोटे आणि गुडघे पिळून काढले. घसाऱ्यावरून घसरत दोन तासांत बराफू, म्हवेकाच्या वाटेने संध्याकाळी 3100 मीटरला. हवा दाट वाटत होती, अक्षरशः चावून खावी अशी. मधल्या एरिकाच्या पट्ट्यात काळे बुंधे उभे होते, वणव्याचे. 2020 आणि 2022, दोन्ही वर्षी ऑक्टोबरात या डोंगरावर मोठे वणवे लागले. वणवा आम्हाला नवा नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याही टेकड्या काळ्या होतात. पण बराफूचे ते डबे डोळ्यांसमोर असताना त्या काळ्या बुंध्यांकडे बघवलं नाही. काका त्या टप्प्यात काही बोलले नाहीत. एकदा फक्त काठीने राख उकरून दाखवली, खालून बोटभर हिरवे फुटवे आले होते.

शेवटच्या दिवशी जंगलात पाऊस लागला. चिखल घोट्यापर्यंत. तेरडा पुन्हा दिसायला लागला आणि तीन वेगवेगळ्या माणसांनी मला हाक मारून दाखवला. म्हवेका गेटची उंची जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढी. तिथे मला हिरव्या कडेचं प्रमाणपत्र मिळालं, स्टेला पॉइंटचं. भाचीला सोनेरी. काकांनी सही करताना माझं नाव दोनदा विचारून नीट लिहिलं.

फाटकाबाहेर पोरं बूट धुवून देतात. बादली, ब्रश, आणि पाटातून रबरी नळीने आणलेलं पाणी. मी बाकावर बसून पाय पुढे केले. आधी जंगलाचा तपकिरी चिखल गेला. त्याच्याखाली एरिकाच्या पट्ट्यातली काळी राख. मग शिवणींच्या आतून, बराच वेळ घासल्यावर, किबोची फिकट राखाडी धूळ सुटली. पोरगा ब्रश फिरवत होता आणि ते तिन्ही रंगांचं पाणी फरशीवरून वाहत, परत पाटात मिळून, केळींकडे चाललं होतं.